उदास प्रोग रॉक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू? तीन अल्बम शेजारी शेजारी ठेवून

माझी मावसबहीण सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, एकटीच राहते, आणि मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला की ताई, तू कॉलेजात असताना ती लांबच्या लांब उदास इंग्लिश गाणी ऐकायचीस ना, त्यातला एक अल्बम सांग, एकच सांग. एक सांगणं मला जमेना. तीन डोक्यात आले आणि तिन्हींपैकी कुठलाच बाजूला ठेवता येईना, म्हणून दोन रात्री बसून तिन्ही परत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले आणि आता सविस्तर लिहितेय, तिच्यासाठी आणि ज्याला कोणाला हाच प्रश्न पडलाय त्याच्यासाठी.

तीन अल्बम असे. पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर', १९७५ चा. ओपेथचा 'डॅमनेशन', २००३ चा. आणि स्टीव्हन विल्सनचा 'हँड. कॅनॉट. इरेज.', २०१५ चा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे फार ताणत नाही, मुखडा-अंतरा-मुखडा या चौकटीत न बसणारी गाणी, मध्येच ताल बदलतो, दहा दहा मिनिटं चालतात, आणि अख्खा अल्बम एका दमात ऐकायचा असतो, एवढं पुरे.

माझं म्हणणं असं आहे की यातला कुठला घ्यायचा हे गिटार कोणाची भारी किंवा रेटिंग कोणाला जास्त यावरून ठरवू नका. तुमच्या मनात आत्ता कुठल्या जातीची उदासी बसलीय ते बघा. कारण तिन्ही उदास असले तरी उदासी एक नाहीये. विश यू वेअर हिअरमधला माणूस जिवंत आहे पण हाताला लागत नाही. डॅमनेशनमध्ये कोणीतरी गेलंय आणि आपण खोलीत मागे उरलोय. आणि हँड कॅनॉट इरेजमध्ये माणूस भरलेल्या शहरात राहतोय, शेजारीपाजारी आहेत, फोन आहे, आणि कोणाला पत्ताच नाही.

आधी फ्लॉइड, कारण माझं सगळं तिथूनच सुरू झालं. तेव्हा मी ठाण्याहून सीएसटीकडे जाणारी दुपारची स्लो पकडायचे, गर्दी नसायची, खिडकी मिळायची. पहिलं गाणं शाइन ऑन यू क्रेझी डायमंड, त्याचा पहिला तुकडा साडेतेरा मिनिटांचा, आणि गाडी ठाण्यातून हलताना लावलं तर मुलुंड जायचं, नाहूर जायचं, भांडुप आलं तरी गाणाऱ्याने तोंड उघडलेलं नसायचं. साडेआठ मिनिटं उलटून गेल्यावर पहिला शब्द येतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं हे नुसतं वाद्यांचंच आहे. पण आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही, विलंबित ख्याल ज्याने घरात ऐकलाय त्याला माहितीये की राग नुसता मांडायलाच वेळ लागतो आणि तो वेळ वाया गेलेला नसतो. सुरुवातीला जो धुक्यासारखा नाद आहे त्यात पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासांच्या काठावर ओलं बोट फिरवून काढलेले सूर मिसळलेत, जलतरंगाच्या जवळचंच काहीतरी. त्यावर बँडमधल्या रिक राइटचा सिंथ, म्हणजे सिंथेसायझर. आणि मग चौथं मिनिट भरत आलं की सगळं थांबतं आणि बँडचा गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर चार सूर वाजवतो, फक्त चार, आणि थांबतो, परत तेच चार. या चार सुरांतून अख्खं गाणं उगवलंय.

ते गाणं सिड बॅरेटबद्दल आहे. बँड उभा करणाऱ्यांतला हा, सुरुवातीची गाणी त्याचीच, पण एलएसडीची नशा आणि ढासळलेलं मन यात तो असा गेला की १९६८ मध्ये बाकीच्यांना त्याच्याशिवाय पुढे जावं लागलं. १९७५ च्या जूनमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत या अल्बमचं काम चालू असताना एक जाडसर माणूस आत आला, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कोणी ओळखलंच नाही. तो सिड होता. ज्याच्या नसण्यावर ही मंडळी गाणी रचत होती तो समोर येऊन उभा राहिला आणि तरीही तो नव्हताच. हे माहीत झाल्यावर अल्बमचं नाव वेगळंच ऐकू यायला लागतं, कारण 'तू इथे असायला हवा होतास' हे समोर बसलेल्या माणसालाही म्हणता येतं. माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे, आजारपणानंतर ती तशीच झालीय, मी जाते, चहा होतो, ती माझ्याकडे बघून हसते, आणि परत येताना मला हाच अल्बम लागतो, दुसरा कुठला चालत नाही.

यातली एक जागा जवळून दाखवते. चौथं गाणं, म्हणजे अल्बमचं ज्यावरून नाव तेच. आधीचं हॅव अ सिगार जोरात चालू असतं आणि अचानक सगळा आवाज आकसतो, जणू मोठ्या स्पीकरमधून काढून कोणी छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये कोंबला. मग स्टेशन बदलल्याची खरखर, दोन माणसांचं बोलणं, चायकोव्हस्कीच्या सिम्फनीचा एक कण, आणि पुढच्या स्टेशनवर एक गिटार, तीही तशीच लांबून आल्यासारखी, चपटी. आणि मग कोणीतरी खोलीत बसून त्या रेडिओतल्या गिटारबरोबर वाजवायला लागतं. हेडफोन लावून ऐका, ही दुसरी गिटार एकदम कानाशी आहे, वाजवणाऱ्याचं खोकणंही ऐकू येतं. एक माणूस रेडिओच्या पलीकडे आणि एक अलीकडे आणि दोघं एकच गाणं वाजवतायत. शब्द यायच्या आधीच जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. आणि अगदी शेवटी, शाइन ऑनचा दुसरा तुकडा विरत जाताना, राइट सिंथवर सिडच्या १९६७ च्या सी एमिली प्ले या गाण्याची एक ओळ हळूच वाजवून जातो. लक्ष नसेल तर निसटते. मला ती कळली तेव्हा हा अल्बम ऐकायला लागून तीन वर्षं झाली होती.

उणी बाजू सांगायची तर मधली दोन गाणी, वेलकम टू द मशीन आणि हॅव अ सिगार. ती संगीताच्या धंद्यावर चिडून लिहिलीयत, यंत्रांचा घरघराट आहे, कडवटपणा आहे, सिगार तर बँडमधल्या कोणी गायलेलंही नाही, रॉय हार्परने गायलंय. मला ती आवडतात, पण ज्याला फक्त कुशीत घेणारं काहीतरी हवंय त्याला तिथे धक्का बसतो. एकूण पाच ट्रॅक, ४४ मिनिटं.

आता विल्सनचा. हा माणूस आधी पॉर्क्युपाइन ट्री या बँडमुळे आपल्याकडे माहीत झाला, २००९ च्या डिसेंबरात पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमध्ये हा बँड वाजवून गेला होता आणि आमच्या ग्रुपमध्ये वर्षभर तोच विषय होता. हँड कॅनॉट इरेज हा त्याचा एकट्याच्या नावावरचा अल्बम, आणि तो जिथून सुचला ती घटना खरी आहे. लंडनच्या वुड ग्रीन भागात ३८ वर्षांची एक बाई आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये वारली, २००३ च्या डिसेंबरात, आणि ते कळलं २००६ च्या जानेवारीत. दोन वर्षं. टीव्ही चालूच होता. ख्रिसमससाठी बांधलेल्या भेटवस्तू तिथेच होत्या. ती कोणी निराधार म्हातारी नव्हती, शिकलेली, नोकऱ्या केलेली, बहिणी असलेली, मित्रमैत्रिणी असलेली बाई. विल्सनने तिची गोष्ट जशीच्या तशी सांगितलेली नाही, तिच्यावरून एक वेगळीच बाई रचलीय आणि बऱ्याच गाण्यांत तिच्या तोंडून बोललाय.

या अल्बमची ताकद अशी की उदासी एका चेहऱ्याची नाही. सुरुवातीला लहान मुलांच्या खेळण्याचे आवाज, मग दहा मिनिटांचं थ्री इयर्स ओल्डर, त्यात झगझगीत गिटार आणि ऑर्गन, मग शीर्षकगीत तर चक्क आनंदी पॉप वाटतं. आणि मग परफेक्ट लाइफ. त्यात बराच वेळ गाणं नाहीच, इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर एक बाई साध्या आवाजात सांगते की मी तेरा वर्षांची असताना सहा महिने मला एक बहीण होती, आईवडिलांनी सांभाळायला आणलेली, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि मग आईवडील वेगळे झाले आणि तिला दुसऱ्या घरी पाठवलं. बस. कुठे रडणं नाही, पण ही बाई पुढे एकटी का पडली याचं मूळ तुम्हाला इथे सापडतं आणि ती स्वतः ते तसं म्हणत नाही.

आणि रूटीन. या गाण्याबद्दल मला नीट लिहायचंय. नऊ मिनिटांचं. नवरा आणि मुलं गेलेली एक आई घरकाम करतेय, कपडे, भांडी, जेवण, इस्त्री, रोज तेच, कारण ते थांबवलं तर तिला थांबून बघावं लागेल. पियानो, विल्सनचा आवाज, मग निनेट तायेबचा. निनेट इस्रायलची गायिका, तिच्या आवाजात एक खरखर आहे, जणू आत्ताच रडून उठलीय आणि पदराने तोंड पुसून कामाला लागलीय. गाणं चढत चढत जातं आणि एका जागी ती ओरडते. ती किंकाळी सुरात आहे तरी किंकाळीच आहे, मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि तशीच उभी राहिले, कारण माझ्या आजोबांनंतर आजीने रोज दोन माणसांचा भात लावणं सोडलं नव्हतं आणि आम्ही सगळे तिला त्याबद्दल रागवायचो. किंकाळीनंतर गाणं परत शांत होतं.

शेवटाकडे हॅपी रिटर्न्समध्ये ती भावाला पत्र लिहायला बसते, इतक्या वर्षांनी, पोरांसाठी भेटवस्तू आणल्यात म्हणते, आणि डोळे मिटायला लागलेत, उरलेलं उद्या लिहीन म्हणते. मग लहान मुलांचा कोरस आणि पियानो, दोन मिनिटं, आणि संपलं.

वादनाच्या बाबतीत तिघांत हाच सगळ्यात श्रीमंत, गिटारवर गथ्री गोवन, ड्रम्सवर मार्को मिनेमन, रिग्रेट नंबर नाइनमध्ये ॲडम होल्झमनचा सिंथवरचा सोलो ऐकावा असा. पण ६६ मिनिटं आहे आणि उत्तरार्धातलं ॲन्सेस्ट्रल साडेतेरा मिनिटांचं, त्याचा शेवट चांगलाच दणदणीत, मेटलकडे झुकणारा आणि माझ्या मते गरजेपेक्षा लांबलेला. नवख्याचं लक्ष तिथे उडतं. शिवाय इथे शब्द कळले नाहीत तर अर्धा अल्बम हातचा जातो. फ्लॉइडमध्ये इंग्लिश कळलं नाही तरी चालतं, गिल्मोरची गिटार बोलते. इथे गोष्ट आहे, त्यामुळे पहिल्या वेळी गाण्यांचे शब्द समोर उघडून बसा.

राहिला ओपेथचा डॅमनेशन. ओपेथ हा स्टॉकहोमचा बँड, मुळात डेथ मेटलवाला, म्हणजे घशातून गुरगुरणं आणि भिंतीसारखी गिटार, त्यामुळे नाव ऐकूनच पुष्कळ जण लांब राहतात. पण २००२ मध्ये त्यांनी दोन अल्बमचं काम एकत्रच केलं, एक सगळा जड, तो डिलिव्हरन्स, आणि दुसरा सगळा हळवा, तो हा. इथे एकही गुरगुर नाही. बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट सरळ, मऊ आवाजात गातो. त्या कामादरम्यानच त्याची आजी मोटार अपघातात गेली आणि दोन्ही अल्बम तिला अर्पण केलेत. गाण्यांमध्ये तिची गोष्ट वगैरे नाही, पण सगळ्या अल्बमभर जी एक थंड, पडदे ओढलेल्या खोलीतली हवा आहे तिचं कारण शोधावं लागत नाही.

आणि इथे परत विल्सन येतो, कारण डॅमनेशनचं प्रॉडक्शन बँडबरोबर त्याने केलंय आणि मेलोट्रॉन त्यानेच वाजवलाय. मेलोट्रॉन हे काय आहे ते सांगते, कारण या तिन्हींपैकी हा अल्बम त्या एका वाद्यावर सगळ्यात जास्त उभा आहे. दिसायला की-बोर्ड, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा तो एक सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सूर वाजतो, साधारण आठ सेकंद, मग फीत संपते आणि बोट उचलावंच लागतं. म्हणून त्याचा सूर किंचित थरथरतो, जुन्या कॅसेटसारखा. विंडोपेनमध्ये शब्दांच्या मागे हा नाद सुरू होतो तेव्हा खरी व्हायोलिनं वाजतायत असं वाटत नाही, कोणीतरी व्हायोलिनं आठवतंय असं वाटतं.

आपल्याकडे या जातीच्या गाण्याला विराणी हा इतका नेमका शब्द आहे, आणि तिघांपैकी तो मी फक्त डॅमनेशनला लावीन. इन माय टाइम ऑफ नीड, होप लीव्ज, टू रिड द डिसीज, यांत काही घडत नाही, गोष्ट पुढे जात नाही, एकच माणूस एकाच जागी बसून आहे. शेवटचं वीकनेस तर ड्रम्सशिवाय, नुसता आवाज आणि थरथरणाऱ्या कीज. आठ गाणी, ४३ मिनिटं, बहुतेक गाणी चार ते सहा मिनिटांची, म्हणजे लांबीला घाबरणाऱ्यासाठी हाच सोपा. दोष विचाराल तर एकसुरीपणा. लय जवळपास सारखी, रंग एकच राखाडी, आणि मन आधीच खूप खाली असेल तर हा अल्बम तुम्हाला वर काढत नाही, शेजारी बसतो फक्त. कधी कधी तेवढंच हवं असतं, पण कधी कधी नसतं, तेव्हा त्या दिवशी फ्लॉइड लावा, कारण शाइन ऑनमध्ये शेवटी शेवटी सूर उजळतो, सॅक्सोफोन तर सरळ आकाशाकडे जातो.

मग कोणी काय घ्यावं. ज्यांना शास्त्रीय ऐकायची सवय आहे, ज्यांना वाट बघणं जड जात नाही, त्यांनी विश यू वेअर हिअर. कोणीतरी जवळचं बदललंय, दुरावलंय, आजारी आहे, त्यांनीही हाच. ज्यांना सिरीज, कादंबऱ्या आवडतात, पात्रात गुंतायला आवडतं, त्यांनी हँड कॅनॉट इरेज, पण रात्री एकटं असताना पहिल्यांदा नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी ऐका आणि नंतर बाहेर पडून कोणाला तरी भेटा. हे मी मनापासून सांगतेय, परक्या शहरात नव्याने एकटं राहणाऱ्याला हा अल्बम फार जवळून लागतो. आणि ज्यांना गाण्यासारखी गाणी हवीत, साधा गळा हवाय, ऑफिसातून आल्यावर दिवे मालवून पाऊण तास पडून राहायचंय, त्यांनी डॅमनेशन.

ऐकायचं कसं तेही सांगते. फोनच्या स्पीकरवर नको, तिन्हीत अर्धी मजा मागच्या बारीक आवाजांत आहे. शफल बंद. फ्लॉइडला गाणी एकमेकांत मिसळतात, तेव्हा ॲपमध्ये गाण्यांच्या मध्ये गॅप पडत असेल तर ते सेटिंग आधी बघून घ्या, रेडिओवाली जागा त्या गॅपने मरते. जाहिरातींवाला फुकट प्लॅन असेल तर तासभर कोणाचा तरी बिनजाहिरातीचा मागून घ्या.

बहिणीला मी शेवटी डॅमनेशन सांगितला. मला सगळ्यात प्रिय फ्लॉइड आहे, तिच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा विल्सन आहे, पण ती नवीन शहरात आहे, थकून घरी येते, आणि मावशीकडची आमची आजी याच जूनमध्ये गेली तेव्हा तिला रजा मिळाली नाही, ती बाराव्याला पोचली. तिला गोष्ट नकोय आत्ता, सोबत हवीय.

काल रात्री तिचा फोन आला की ताई, चौथं गाणं बिघडलंय, क्लोजर, चांगला ठेका धरलेला असतो आणि मध्येच कचकन कापल्यासारखं बंद पडतं, नेट गेलं की काय म्हणून तीनदा लावलं. तुमचंही होईल तसं. नेट ठीक आहे, त्यांनी ते तसंच तोडलंय. परत मागे जाऊ नका, एक श्वास शांतता आहे, ती जाऊ द्या, पुढचं होप लीव्ज आपोआप सुरू होतं.